गारठ्यातला अननस: शेंडीपासून फळापर्यंत

डिसेंबर उजाडला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून कानावर येते. "जूनमध्ये अननसाची शेंडी लावली होती. दिवाळीपर्यंत हिरवीगार होती. आता पानं लाल पडली आणि मधला शेंडा ओढला तर हातातच आला. आपल्याकडं अननस येतच नाही का?" विचारणारे जुन्नर-आंबेगावातल्या निरगुडसर, वळती, पारगावचे असतात, तसे मंचर आणि नारायणगावचेही असतात.

येतो. अंगणात, पडवीत, गच्चीवर, चार-पाच कुंड्यांत नक्की येतो. त्यासाठी दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. एक, आपल्या भागात अननसाला थंडीपेक्षा थंडीतलं पाणी जास्त मारतं. दोन, शेंडीपासून फळ हातात यायला दोन वर्षं लागतात. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं काम फार नाही.

थंडी नेमकं काय करते?

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला आणि कोकण, गोवा, केरळच्या दमट हवेत तो रुळला. त्याला साधारण २२ ते ३२ अंश तापमान मानवतं. पारा १५ अंशांखाली गेला की वाढ मंदावते, १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. वाढ थांबलेलं झाड पाणी उचलत नाही. आपण मात्र सवयीनं रोज तांब्याभर पाणी घालत राहतो. मुळं गार चिखलात बसतात, कुजतात आणि दोष थंडीच्या माथी जातो.

थंडीची दुसरी बाजूही लक्षात घ्या. लहान दिवस आणि गार रात्री मिळाल्या की वाढलेलं झाड फुलावर येतं. ज्या गारठ्याला आपण घाबरतो, तोच पुढं फळाचं निमित्त होतो. लहान झाडाला गारठ्यातून जपायचं आणि मोठ्या झाडाला त्याचा उपयोग करून द्यायचा, एवढंच आपलं काम.

काय लावायचं? तीन पर्याय

- फळाची शेंडी: फुकट मिळते, पण फळाला २२ ते २६ महिने लागतात. पहिल्यांदा करून बघणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.
- फुटवा: फळ दिलेल्या झाडाच्या बुडातून किंवा पानांच्या बेचक्यातून निघतो. शेंडीपेक्षा जोमदार असतो आणि साधारण १५ ते २० महिन्यांत फळ देतो. कोकणात नातेवाईक असतील तर पावसाळ्यात दोन-चार फुटवे मागून घ्या.
- रोपवाटिकेतलं रोप: जातीची खात्री हवी असेल तर हा पर्याय. पावती घेतल्याशिवाय घेऊ नका. कारण पुढं दिलं आहे.

जातींपैकी 'क्यू'चं फळ मोठं असतं आणि पानांना काटे जवळजवळ नसतात. लहान मुलं खेळतात त्या अंगणासाठी ती सोयीची. 'क्वीन' आणि त्याच गटातली 'मॉरिशस' यांची फळं लहान, पण गोड आणि वासाची असतात. मात्र पानांच्या कडा काटेरी असतात. कुंडीत आणि आपल्या हवेत फळ शेतातल्यापेक्षा लहानच येणार. अर्ध्या ते एक किलोचं आलं तरी चांगलं समजा.

शेंडी लावण्याची रीत

लावणीची वेळ मेअखेर ते जुलै. त्यामुळं थंडी येईपर्यंत मुळांना चार-पाच महिने मिळतात. नोव्हेंबर ते जानेवारीत शेंडी लावू नका. मुळं फुटायच्या आत ती कुजते.

१. बाजारातून फळ घेताना शेंडी बघा. मधली पानं हिरवी आणि घट्ट हवीत. शीतगृहात फार गार राहिलेल्या फळाची शेंडी वरून बरी दिसते, पण आतून काळवंडलेली असते. मधलं पान हलकेच ओढून बघा. सहज निघालं तर ती शेंडी सोडून द्या.

२. एका हातात फळ धरा, दुसऱ्या हातानं शेंडी पिळून काढा. सुरीनं कापली तर फळाचा गर चिकटून राहतो आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. गर राहिलाच तर खरवडून टाका.

३. खालची बारीक पानं एकेक करून सोला. बोटाच्या दोन पेरांएवढा दांडा उघडा करा. त्यावर तपकिरी ठिपके दिसतील. मुळं तिथूनच फुटतात.

४. शेंडी सावलीत उलटी ठेवून चार ते सात दिवस सुकू द्या. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि निम्म्या शेंड्या इथंच जातात.

५. कुंडीत तीन-चार सेंटिमीटर खोल लावा आणि भोवतीची माती दाबा. मधल्या पोंग्यात माती जाऊ देऊ नका.

६. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. तोवर शेंडी उपटून बघण्याचा मोह टाळा. मधून नवं पान डोकावलं की मूळ धरलं असं समजा.

कुंडी आणि माती

पहिल्या पावसाळ्यात सात-आठ इंची कुंडी पुरते. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये झाड १४ ते १६ इंची कुंडीत किंवा रंगाच्या २० लिटरच्या बादलीत हलवा. बादलीच्या बुडाला बोटाएवढी सहा-आठ भोकं पाडा. मुळं फार खोल जात नाहीत. कुंडी उंच असण्यापेक्षा रुंद असलेली बरी.

माती हा आपल्याकडचा खरा अडसर आहे. अननसाला आम्लधर्मी, म्हणजे साधारण ४.५ ते ५.५ सामूची, भुसभुशीत माती लागते. आपल्याकडच्या बागायतातली काळी माती पाणी धरून ठेवते आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीची असते. ती नुसती वापरू नका. हे मिश्रण करा:

- तांबडी किंवा मुरमाड माती: एक भाग
- जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे: एक भाग
- पूर्ण कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि भिजवलेलं कोकोपीट मिळून: एक भाग

मातीत हे घालू नका: चुलीची राख, चुना, बांधकामाचा राडारोडा, ताजं शेण आणि साखर कारखान्याची ताजी मळी. राख आणि चुन्यानं सामू वाढतो. ताजं शेण आणि मळी तापतात.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो. काही महिन्यांत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असलं तरी चुनखडीमुळं झाडाला ते मिळत नाही. द्राक्षबागायतदारांच्या घरी हिराकस असतंच. लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळा आणि सकाळी लवकर पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. पावसाचं पाणी साठवता आलं तर या झाडासाठी ते राखून ठेवा.

जागा कुठली निवडाल?

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानं खाली जाऊन साचते. म्हणून घोड आणि मीना नद्यांच्या काठची, सखल बागायतातली घरं माळावरच्या घरांपेक्षा पहाटे जास्त गारठतात. ओल्या उसाच्या कडेला हा फरक अंगाला जाणवतो. तुमचं घर सखलात असेल तर कुंड्या गच्चीवर किंवा उंच ओट्यावर ठेवा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे दक्षिणेकडं तोंड असलेल्या दगडी किंवा विटांच्या भिंतीचा पायथा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब झाडाला देते. रोज किमान सहा तास ऊन हवं. नुसत्या खिडकीतल्या उजेडावर झाड जगेल, पण फळ देणार नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारचं ऊन पानं भाजतं. तेवढ्यापुरतं शेडनेटचं कापड वर बांधा.

वर्षभराचं वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर: पावसात पाणी घालू नका. कुंडीखाली थाळी असेल तर काढून टाका. थाळीत पाणी साचून डासही होतात. घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे-आहुपेकडच्या जोरदार पावसात कुंड्या पत्र्याच्या आडोशाला घ्या. दर महिन्याला मूठभर गांडूळखत घाला.
- ऑक्टोबर: वाढीचा शेवटचा जोर. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅम घेऊन पंधरवड्यातून एकदा पानांवर फवारा. अननस पानांच्या बेचक्यातूनही अन्न घेतो.
- नोव्हेंबर: खत थांबवा. पाणी आठवड्यातून एकदा.
- डिसेंबर, जानेवारी: पाणी १० ते १२ दिवसांनी, तेही तांब्याभर, सकाळी ऊन वर आल्यावर आणि फक्त मातीत. मधल्या पोंग्यात पाणी साचलं असेल तर लहान झाडाची कुंडी कलती करून काढून टाका.
- फेब्रुवारी, मार्च: रात्रीचा पारा १५ अंशांवर टिकला की खत आणि पाणी हळूहळू वाढवा.
- एप्रिल, मे: दोन-तीन दिवसांनी पाणी, दुपारची सावली, बुडाशी पाचटाचं आच्छादन.

पाणी द्यायचं की नाही याची शंका आली तर बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. अननसाची पानं दिवसा आपली छिद्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. त्यामुळं तो फार कमी पाण्यावर तग धरतो. तहानेनं मेलेला अननस क्वचितच दिसतो.

गारठ्याच्या रात्री काय कराल?

द्राक्षबागायतदार जसा पहाटेचा किमान पारा बघतात, तसाच तुम्हीही बघा. आकडे हे धरा:

- १२ अंशांच्या वर: काही करायची गरज नाही.
- ८ ते १२ अंश: कुंड्या भिंतीला टेकवा आणि बुडाशी चार बोटं जाड कोरडं पाचट टाका. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा चालूच असतो, त्यामुळं पाचट शोधावं लागत नाही.
- ८ अंशांखाली: कुंड्या रात्री पडवीत घ्या. हलवता येत नसतील तर बांबूच्या चार काठ्या रोवून वरून गोणपाट टाका. पॉलिहाऊसचा जुना कागद असेल तर तो गोणपाटाच्या वरून टाका, पण पानांना चिकटू देऊ नका. खालून थोडी हवा खेळती ठेवा आणि सकाळी नऊच्या आत काढा. उन्हात झाकलेलं झाड शिजतं.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात काचघरात अननस पिकवत. ऊब मिळावी म्हणून कुजणाऱ्या शेणखताच्या आणि झाडांच्या सालीच्या थरावर कुंड्या ठेवत. ही युक्ती आपल्यालाही साधी आहे. उकिरड्याच्या कडेला, कुजून कोमट झालेल्या थरात कुंडी निम्मी पुरून ठेवता येते. मात्र खत कुंडीच्या आत जाऊ द्यायचं नाही, आणि हात घालून बघितल्यावर चटका बसत असेल तर अजून आठवडाभर थांबायचं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. झाडाजवळ शेकोटी पेटवू नका. कोरडं पाचट ठिणगीनं पेट घेतं. बंद खोलीत झाडासाठी शेगडी तर कधीच ठेवू नका. त्या धुरानं माणसं दगावतात. दुसरी गोष्ट, झाकण्याचं काम दिवस मावळायच्या आधी उरका आणि पहाटेच्या अंधारात ते काढायला जाऊ नका. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसातून अंगणापर्यंत येतो हे तुम्हाला सांगायला नको. मुलांना या कामासाठी तिन्हीसांजेला बाहेर पाठवू नका आणि कुंड्यांची दाटी करून आडोसा तयार होऊ देऊ नका.

पानं लाल पडली. घाबरायचं का?

- पानांवर लालसर-जांभळी छटा, झाड घट्ट: थंडीचा ताण. फेब्रुवारीत हिरवाई परत येते.
- टोकं वाळली: कोरडी हवा किंवा क्षार. वाळलेलं टोक कापा, बाकी पान राहू द्या.
- मधलं पान ओढताच निघालं, घाण वास आला: पोंगासड. ते झाड बाजूला करा. बूड टणक असेल तर कुजका भाग कापून कोरडं ठेवा. उन्हाळ्यात बाजूनं फुटवा येण्याची शक्यता असते.
- बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके आणि मुंग्या: मिलीबग. द्राक्षातला हाच त्रास तुमच्या ओळखीचा आहे. ओल्या फडक्यानं पुसून काढा. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलि, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारा. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हा किडा हटत नाही, कारण मुंग्याच त्याला झाडाझाडावर नेतात.

फुलोरा: कधी थांबायचं, कधी हात घालायचा

जूनमध्ये लावलेली शेंडी पहिल्या थंडीत लहान असते. दुसऱ्या थंडीत ती दीड वर्षाची होते. तिला तीस-पस्तीस पानं असतील आणि पानं हातभर लांब असतील, तर जानेवारी ते मार्चमध्ये मधला पोंगा गुलाबी-लाल होतो. त्यातून कणसासारखा फुलोरा वर येतो. त्यावर निळी-जांभळी फुलं खालून वर उमलत जातात.

फेब्रुवारी संपत आला आणि हालचाल दिसली नाही तर मदत करता येते. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं अननस फुलावर येतो. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर काचघरात धूर कोंडून अननसाला फुलावर आणतात. त्यामागंही हेच आहे. घरी असं करा:

१. मधल्या पोंग्यातलं पाणी काढून टाका.
२. झाडाच्या बुडाशी दोन पिकलेली सफरचंदं ठेवा. पिकलेली केळीही चालतात.
३. मोठी प्लॅस्टिकची पिशवी वरून घालून कुंडीला बांधा. कुंडी पूर्ण सावलीत ठेवा.
४. तीन-चार रात्रींनी पिशवी काढा. पानं रात्री वायू घेतात, म्हणून रात्री महत्त्वाच्या.
५. दीड ते अडीच महिन्यांत फुलोरा दिसतो. नाही दिसला तर महिन्याभरानं पुन्हा एकदा करा.

लहान झाडावर हा प्रयोग करू नका. लिंबाएवढं फळ येऊन दोन वर्षं वाया जातात. जुलै-ऑगस्टमध्येही करू नका. तेव्हा धरलेलं फळ ऐन थंडीत पिकायला येतं आणि आंबट राहतं. कॅल्शियम कार्बाइड घरात आणूच नका. त्यातून निघणारा वायू भडकतो, आणि फळं पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर कायद्यानं बंदी आहे.

फळ धरल्यावर

फुलोऱ्यापासून फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात, आपल्याकडं थोडे अधिक. दांडा कलला तर काठीचा आधार द्या. मेच्या उन्हात फळाची एक बाजू भाजते, म्हणून त्याचीच लांब पानं वर गोळा करून सैल बांधा किंवा पाचट पांघरा. घुशी, उंदीर आणि माकडांसाठी बारीक जाळीचा पिंजरा लागतो. तो फळ पिवळं व्हायच्या आधीच बसवा.

अननस तोडल्यावर गोड होत नाही. रंग बदलतो, मऊ पडतो, साखर मात्र वाढत नाही. म्हणून डोळे सपाट झाल्यावर, खालचा तिसरा हिस्सा पिवळा झाल्यावर आणि जवळ गेलं की वास आल्यावरच तोडा.

रोप विकत घेताना तुमचे हक्क

"सहा महिन्यांत फळ" अशा जाहिरातींवर रोपं खपतात. शोभेचा लाल किंवा पट्टेदार अननसही खाण्याचा म्हणून विकला जातो. फसवणूक कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आधीच हे करा:

- महाराष्ट्रात फळरोपांच्या विक्रीसाठी १९६९चा कायदा आहे. परवाना बघायला मागा. त्यात संकोच करू नका.
- पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या. नुसतं 'फळझाड' लिहिलेली पावती पुढं उपयोगी पडत नाही.
- ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडतानाच फोटो काढा. जाहिरातीचाही फोटो जपून ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिलं पाहिजे.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही.
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणं तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. अननसाला फळही दोन वर्षांनीच येतं. म्हणून शंका आली त्याच दिवशी लेखी तक्रार करा, फळाची वाट बघत बसू नका.

शेतात लावायचा का?

हा प्रश्न पाठोपाठ येतोच. सरळ सांगायचं तर नको. कोकणातली आम्ल माती आणि दमट हवा आपल्याकडं नाही. एकरभर झाडांवर गोणपाट टाकणंही शक्य नाही. कुणी रोपं आणि खरेदीची हमी एकत्र विकत असेल तर पैसे देण्याआधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून घ्या आणि तिथल्या तज्ज्ञांशी बोला.

फळानंतर

एक झाड एकदाच फळ देतं, पण जाताना बुडाशी दोन-तीन फुटवे ठेवून जातं. सगळ्यात जोमदार फुटवा तसाच त्या कुंडीत राहू द्या. त्याला तयार मुळं मिळतात, म्हणून तो साधारण सव्वा वर्षात फळावर येतो. बाकीचे वीतभर वाढले की काढून शेजारी द्या. हे फुटवे आपल्या मातीत, आपल्या गारठ्यात वाढलेल्या झाडाचे असतात आणि शेंडीपेक्षा लवकर फळ देतात.

या जूनमध्ये शेंडी लावा, कुंडीवर तारीख लिहा. पहिल्या थंडीत तिला कोरडी ठेवा, दुसरी थंडी तिला लागू द्या. तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, अंगणात जो वास दरवळेल तो बाजारातल्या फळाचा नसेल.